शुगर आहे ना, मग हिरड्या पण बघत जा

माझ्या बाबांना १२ वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या वेळेवर, सकाळी अंबाझरीला फिरणं, चहा बिनसाखरेचा, सगळं बरोबर. पण ब्रश करताना रक्त दिसलं की त्या बाजूला ब्रश लावणंच त्यांनी सोडून दिलं, मग हळूहळू बोटानेच मंजन घासायला लागले, आणि आम्ही पण कधी विचारलं नाही काहून म्हणून. दोन दात हलायला लागले तेव्हा आम्हाला समजलं.

म्हणून पहिले हेच सांगतो, रक्त येते म्हणून ब्रश बंद करू नका. ते रक्त बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला कीटण साचून ती सुजली म्हणून येते, आणि ब्रश सोडला की कीटण अजून वाढते. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर सुजतात अन् जखम उशिरा भरते. उलटं पण आहे, हिरड्या सुजलेल्या असल्या की शुगर पण लवकर ताब्यात येत नाही. हिरड्यांचा नीट इलाज केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) साधारण ०.३ ते ०.४ ने खाली येते असं दिसलं आहे. गोळ्या आपल्या मनाने कमी नाही करायच्या बरं.

ब्रश सॉफ्टच घ्या, हिरडीकडे थोडा तिरपा धरा, हळू हळू २ मिनिटं, दोन वेळा. त्यातला रात्रीचा चुकवायचा नाही, कारण झोपेत थुंकी कमी होते. पेस्ट फ्लोराइडवाली. दोन दातांच्या मधे ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा) नाहीतर ते बारीक ब्रश मिळतात ते. काडीने टोचत बसू नका, हिरडीला जखम होते. संत्र खाल्ल्यावर अर्धा तास थांबून मगच ब्रश करा, आंबट पदार्थाने दातावरचा थर थोडा वेळ नरम पडतो.

आता खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना घोटून केलेला. आपल्या नागपुरात याच्याशिवाय दाताची गोष्ट पूर्ण होतच नाही. शुगरवाल्याने खर्रा खाणं म्हणजे हिरड्यांवर दुहेरी मार आहे, आणि सुपारीने हळूहळू तोंड उघडणं कमी होते, मग मागच्या दाढांपर्यंत ब्रश जातच नाही. माझ्या मामाजींना दोन बोटं पण तोंडात जात नव्हती. एकदम सुटत नसेल तर डॉक्टरला सांगा, मदत मिळते, पण लपवू नका.

उन्हाळ्यात तोंड कोरडं पडते, शुगर वाढली असली की अजूनच. घोट घोट पाणी पीत राहा, वाटल्यास बिनसाखरेचं च्युइंगम चघळा. रात्री शुगर कमी झाली म्हणून साखर किंवा ग्लुकोज घ्यावं लागलं तर ते घ्याच, त्यात दाताचा विचार नको, बरं वाटल्यावर चूळ भरा. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा, घासून धुवा, नाहीतर तिच्याखाली बुरशी होते.

दातांच्या डॉक्टरकडे उपाशी नाही जायचं. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जा, खिशात ग्लुकोज ठेवा, आणि शुगर आहे हे पहिलेच सांगा, शेवटचा रिपोर्ट अन् गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. दात काढायचा असेल तर हे लयच महत्त्वाचं. खर्चाची काळजी असेल तर मेडिकल चौकातलं शासकीय दंत महाविद्यालय आहेच. दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी दाखवत जा, हिरड्यांचा आजार बराच वेळ दुखतच नाही.

महिन्यातून एकदा मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघा, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं तुम्हीच बघून द्या. लाल सुजलेली हिरडी, पू, हलणारा दात, पांढरा चट्टा दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा. गाल सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी.