रात्रीचा खोकला आणि घरचा काढा

डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा धुरकट झाली, की आमच्या मजल्यावर रात्री कुणाचा ना कुणाचा खोकला ऐकू येतोच. शेजारी बांधकाम असलं तर विचारूच नका.

अशा वेळी माझा भरवसा आल्याच्या काढ्यावर. दोन कप पाण्यात अर्धा इंच ठेचलेलं आलं, पाच-सहा तुळशीची पानं आणि ज्येष्ठमधाची बोटाच्या पेराएवढी काडी. मंद आचेवर एक कप उरेपर्यंत उकळा, गाळा. मध मात्र काढा कोमट झाल्यावर, एक चमचा. झोपण्याआधी घोट घोट प्या. घशाची खवखव निवते, ढास कमी होते. रक्तदाबाचा त्रास असेल तर ज्येष्ठमध वगळा, त्याने दाब वाढतो. आणि 1 वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

घसा दुखत असेल तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. वाफ घ्यायची तर जपून. आपल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात उकळतं पातेलं घेऊन फिरताना पोरं पायात येतात आणि भाजतं.

काढ्याने आराम पडतो, छातीतला जंतुसंसर्ग बरा होत नाही. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. 2 आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची क्षयरोग तपासणी करून घ्या; सरकारी आणि पालिकेच्या केंद्रांत ती मोफत होते.