गंज घासून काढला तरी परत का येतो? बागेच्या हत्यारांबाबत या चुका टाळा

पावसाळ्यात किनारपट्टीच्या गावांत कोयता घासूनपुसून पडवीत ठेवला, तरी दुसऱ्या दिवशी त्यावर तांबूस पूड दिसते. मग माणूस आणखी जोराने घासतो, पातं झिजतं आणि गंज पुन्हा हजर होतो. घासण्यात सहसा काही चुकलेलं नसतं. चुकतं ते त्याच्या आधी आणि नंतर.

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन पुरतो; त्यात मीठ असलं की गंज झपाट्याने चढतो. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने बसणारा थर घट्ट असतो, तो आतल्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि ओल धरून ठेवतो. म्हणूनच गंजावर थेट तेल फासणं ही मोठी चूक आहे. वरून पातं तुकतुकीत दिसतं, खाली ओल कोंडलेली राहते. आधी माती धुवा, पातं पूर्ण कोरडं करा, तारेच्या ब्रशने सुटा गंज झाडा आणि मग पॉलिश पेपरने घासा. आरशासारखी चकाकी यायची गरज नाही. पात्याच्या सपाट बाजूवर फडकं फिरवून लाल पूड लागली नाही, की पुरे.

व्हिनेगरमध्ये टाकून विसरणं

जुनाट गंजाला नुसतं घासणं पुरत नाही, तिथे आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर चालतं, पण मी लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) सुचवेन. ते किराणा दुकानात मिळतं आणि त्याला उग्र वास नसतो. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्याला साधारण 50 ग्रॅम घाला, बादली उघड्यावर ठेवा आणि फक्त लोखंडी भाग बुडवा, लाकडी मूठ नको. अधूनमधून बाहेर काढून ब्रश मारा. बहुतेक खुरपी काही तासांत साफ होतात. व्हिनेगरला रात्रभर लागू शकते. दोन-तीन दिवस तसंच राहिलं, तर आम्ल गंज संपवून चांगलं लोखंड खाऊ लागतं. पातं करडं, खडबडीत होतं आणि धार जाते. जस्ताचा मुलामा असलेली झारी किंवा बादली तर आम्लात घालूच नका, मुलामाच विरघळेल.

व्हिनेगरमध्ये मीठ घालायचा सल्ला अनेकजण देतात. गंज लवकर सुटतो हे खरं, पण पात्याच्या बारीक खड्ड्यांत राहिलेलं मीठ नंतर महागात पडतं.

आम्लातून काढल्यानंतरची काही मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची. उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं, तर डोळ्यांदेखत केशरी झाक धरतं. साध्या पाण्याने धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा (लिटरला एक मोठा चमचा), पुन्हा साधं पाणी. लगेच पुसून उन्हात किंवा चुलीच्या उबेला धरा आणि पातं कोमट असतानाच तेलाचा बोळा फिरवा. हा क्रम मोडू नका.

संडास साफ करायचं आम्ल या कामाला कधीही वापरू नका. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याच्या वाफेने त्याच खोलीतली बाकीची हत्यारंही गंजतात आणि कडक पोलादाची स्प्रिंग ठिसूळ होऊन तुटू शकते. ते ब्लीचिंग पावडरजवळ गेलं, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

काळेपणालाच गंज समजणं

केळ, आंबा, सुपारी तोडल्यावर पात्यावर निळसर-काळा डाग बसतो. तो झाडातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन तयार होतो. लोहाराच्या भट्टीतून आलेल्या कोयत्यावरही काळा थर असतो. हे काळेपण पात्याला इजा करत नाही, उलट थोडं राखणच करतं. लालसर, भुसभुशीत असेल तेवढंच काढा. ग्राइंडर लावून पातं चकचकीत करायच्या नादात ते तापून निळं पडलं, तर त्या जागेचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि धार टिकत नाही.

खत, मोरचूद आणि ब्लीच

पोटॅश म्हणून मिळणारं खत बहुधा पोटॅशियम क्लोराईड असतं, म्हणजे गंजाच्या दृष्टीने मीठच. खताच्या गोणीला टेकवून फावडं ठेवू नका. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) ढवळायलाही लोखंडी वस्तू नको. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळत जातं. सुपारीवाले मिश्रणात घासलेलं पातं बुडवून तांबूस थर येतो का ते बघतात. थर आला तर चुना कमी पडला, असं समजतात. ही चाचणी याच गुणावर चालते. तपासून झालं की पातं लगेच धुवा.

रोगट फांदी छाटल्यावर कात्री ब्लीचच्या पाण्यात ठेवणंही टाळा. स्पिरिटने पुसली तर काम होतं आणि गंजही येत नाही.

तेल आणि जागा

तळणीचं उरलेलं तेल नको. ते चिकट होतं, धूळ धरतं आणि त्यात मिठाचे कण असतात. गाडीचं जळकं ऑइलही नको, ते शेवटी मातीत उतरतं. पात्याला साधं खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल पातळ लावावं. जवसाचं तेल लाकडी मुठीला छान, पण त्याने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा.

वाळूत तेल मिसळून हत्यारं खोचून ठेवायची युक्ती चांगली आहे, फक्त समुद्राची वाळू घेऊ नका. हत्यारं सिमेंटच्या जमिनीवर किंवा ओल्या गोणपाटात ठेवण्यापेक्षा खुंटीला टांगा.

एवढं करूनही एकाच जागी गंज येत असेल, तर मुठीत शिरलेला भाग आणि कात्रीचा बोल्ट तपासा. पाणी तिथेच मुरतं. बोल्ट खोलून दोन्ही पाती वेगळी साफ करा. मूठ हलत असेल, तर काढून आतला गंज घासा आणि कोरडी झाल्यावरच पुन्हा ठोका. पात्याला आरपार भोकं पडली असतील किंवा ते वाकवताना पापुद्रे सुटत असतील, तर ते टाकून द्या, तुटका तुकडा उडून डोळ्याला लागू शकतो. गंजलेल्या पात्याने कापलं, तर धनुर्वाताची लस वेळेवर घ्या. त्याचे जंतू गंजात तयार होत नाहीत, ते मातीत असतात, त्यामुळे स्वच्छ पण मातीत वापरलेल्या कोयत्यालाही हेच लागू.