एका दिवसात पिरॅमिड बघताय? या चुका टाळा

कैरोहून एका दिवसात पिरॅमिड उरकणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी गिझाचे प्रसिद्ध पिरॅमिड, तासाभरात फोटो, मग पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाचं दुकान, अत्तराचं दुकान, जेवण, आणि उरलासुरला वेळ सक्काऱ्याच्या जुन्या पिरॅमिडांना. मी तीनदा गेलोय, आणि पहिल्या खेपेला माझाही असाच विचका झाला.

आम्ही नऊ जण होतो. जेवणाआधी गाईड म्हणाला, "दहा मिनिटं, नुसतं बघायला." दुकानात गेल्या गेल्या जास्वंदीचं लालभडक सरबत हातात आलं. एका मुलीने पपायरसचा हिरवा देठ सोलला, पट्ट्या कापल्या, उभ्या-आडव्या रचून दाबून दाखवल्या. प्रात्यक्षिक झकास होतं, नाही म्हणणार नाही. ते संपलं आणि प्रत्येकाला एकेक विक्रेता चिकटला. आमच्यातल्या एका काकूंनी नातवाचं नाव चित्रलिपीत लिहून घेतलं. मग ते वाळेपर्यंत थांबा! दीड तास गेला. सक्काऱ्याला पोचलो तेव्हा तिकीटखिडकी बंद. जोसेर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड, म्हणजे दगडात बांधलेला जगातला पहिला, आम्ही लांबूनच पाहिला. काकूंच्या मांडीवर गुंडाळी होती 'अथर्व'ची.

गाईडला तिथे कमिशन मिळतं. त्याचा मला राग नाही, त्याचंही पोट आहे. पण आता मी बुकिंग करतानाच "एकही दुकान नको" असं लिहून घेतो आणि सकाळी गाडीत बसताना गाईडला सांगतो, "दुकानाऐवजी टिप वाढवून देईन." आणि देतो. नुसतं सांगून मोकळं व्हायचं नाही.

दुसरी चूक क्रमाची. सक्कारा कैरोच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर, आणखी पिरॅमिड असलेलं दाहशूर त्याच्याही पुढे. मी आधी सक्कारा, मग दाहशूर आणि शेवटी गिझा करतो. गिझात सकाळी गर्दी कमी असते, हे मला दर वेळी कोणीतरी ऐकवतंच. असू दे. गिझा आधी पाहिलात तर पुढचं सगळं 'छोटं' वाटतं आणि लोक गाडीतून उतरायलाही कंटाळतात. सक्काऱ्यापासून सुरुवात केली की गोष्ट कळत जाते. जोसेरसाठी त्याचा वास्तुकार इम्होतेप याने पायऱ्या रचल्या. पुढे स्नेफरू राजाने सरळ उताराचा पिरॅमिड करायला घेतला. दाहशूरला तो सुमारे ५४ अंशांनी चढत गेला आणि अर्ध्यावर उतार ४३ अंशांवर आणावा लागला, म्हणून तो वाकलेला. त्याच्या समोरचा लाल पिरॅमिड मग सुरुवातीपासूनच कमी उताराचा केला. या स्नेफरूचा मुलगा म्हणजे गिझाचा 'ग्रेट पिरॅमिड' बांधणारा खुफू. बापाचा हा उपद्व्याप बघून मुलाच्या पिरॅमिडसमोर उभं राहण्यात जी मजा आहे ती उलट्या क्रमात नाही.

"आत जायचंच" हा हट्ट तिसरा. खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं आणि महाग. चढणीचा बोगदा जेमतेम चार फूट उंच, तिथून कंबरेत वाकून फळ्यांवरून वर चढायचं. समोरून उतरणारे तुमच्या अंगावरून जातात. त्यानंतरचं उंच दालन मात्र बघण्यासारखं आहे. वर राजाच्या खोलीत काळसर ग्रॅनाइटच्या कोऱ्या भिंती आणि एका कोपऱ्याला फुटलेली, झाकण नसलेली दगडी पेटी. चित्र नाही, अक्षर नाही. आमचे मेव्हणे घाम पुसत म्हणाले, "एवढ्यासाठी वाकलो?" गुडघे, दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर हा नाद सोडा. कोरीव अक्षरं बघायची असतील तर सक्काऱ्याला तेती राजाच्या पिरॅमिडमध्ये उतरा. बाहेरून नुसता मातीदगडांचा ढिगारा, म्हणून घाईवाले पुढे जातात. आत भिंतीभर चित्रलिपीच्या उभ्या ओळी आणि छतावर कोरलेल्या चांदण्या.

बाकीच्या चुका किरकोळ. चपला घालून जाऊ नका. नुसती रोकड घेऊन जाऊ नका, तिकीटखिडकीवर कार्ड लागतं. डिसेंबरात सकाळी थंडी असते, स्वेटर ठेवा. गिझात माथ्यावर गुळगुळीत आवरण उरलेला, सगळ्यांत उंच दिसणारा पिरॅमिड खुफूचा नव्हे, त्याचा मुलगा खाफ्रे याचा. तो उंच खडकावर उभा आहे. त्याच्यापुढे फोटो काढून घरी 'ग्रेट पिरॅमिड' म्हणून पाठवणारे मी मोजणं सोडून दिलंय. आणि दगडांवर चढू नका, बंदी आहे. रील नंतरही करता येईल.

'बक्षीश' हा शब्द दिवसभर ऐकू येईल. आपलंच बक्षीस ते, दोघांनीही फारसीतून घेतलेलं. आपल्याकडे त्यासाठी पहिला नंबर काढावा लागतो, तिथे कोणी न मागता तुमचा मोबाइल घेऊन फोटो काढला तरी द्यावं लागतं. सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

उंटावर बसायचंच असेल तर भाव गाईडसमोर ठरवा, आणि त्यात उतरणंही धरलंय का ते विचारा. हसू नका. आमच्या पुढच्या गटातल्या एका तरुणाला चढायला जेवढे पडले त्याच्या दुप्पट उतरायला पडले, आणि तोवर उंट काही बसेना. पैसे पाय वाळूला टेकल्यावरच द्या.