डोनटच्या दुकानात सुपरवायझर झालास? मग सोमवारच्या आधी हे वाच

परवा ओळखीतल्या एका मुलाचा मेसेज आला, ताई मला सोमवारपासून सुपरवायझर केलंय, काय करू. कॅनडात, ओंटारिओ प्रांतात शिकतो, कॉफी-डोनटच्या एका चेनमध्ये दीड वर्ष काउंटरवर आहे, हात चांगला चालतो म्हणून चाव्या दिल्या, तासाला थोडे पैसे वाढवले आणि ट्रेनिंग म्हणून एक व्हिडिओ दाखवला, झालं. माझंही असंच झालेलं. मी सांगलीची, आधी रात्रपाळी, मग सुपरवायझर, आता स्टोअर बघते. त्याला जे लिहिलं तेच जरा नीट करून इथे टाकतेय, कारण त्याच्यासारखी आपली पोरं इकडे भरपूर आहेत.

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढ की कस्टमर सर्व्हिस म्हणजे हसून ‘हॅव अ गुड वन’ म्हणणं. जिच्यासमोर बारा माणसं उभी आहेत, मागे टोस्टरात बेगल (कड्यासारखा पाव) करपतोय आणि मशीनमधलं क्रीम आत्ताच संपलंय तिला जाऊन ‘स्माईल कर’ म्हणालास तर ती मनात तुला काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही. गिऱ्हाइकाकडे बघून बोलायला दोन सेकंद लागतात, ते दोन सेकंद तिच्याकडे शिल्लक राहतील अशी व्यवस्था करणं हे तुझं काम, बोलायचं कसं ते तिला येतं.

आणि ती व्यवस्था रश यायच्या आधी होते, रशमध्ये काही होत नाही. आमच्याकडे साडेपाचला बांधकामवाले येतात, एकटा माणूस अख्ख्या क्रूचं आठ-दहा कॉफ्यांचं ऑर्डर घेऊन, मग सातच्या आसपास हॉस्पिटलची शिफ्ट बदलते, आठला शाळा-ऑफिस, दहानंतर म्हातारी मंडळी येऊन एका कॉफीवर दोन तास हवापाण्यावर बोलत बसतात. तुझ्या दुकानाचं टाइमटेबल वेगळं असेल, पण असेलच, एक आठवडा बघ आणि लिहून ठेव. सव्वापाचला एक चक्कर मार: प्रत्येक साइझची झाकणं भरलीत का (मीडियमची नेहमी आधी संपतात, का ते देव जाणे), क्रीम-साखरेची मशीनं भरलीत का, पिशव्या, डझनचे बॉक्स घडी घालून उभे केलेत का. बॉक्स घडी करायला वीस सेकंद लागतात, पण रशमधले वीस सेकंद म्हणजे ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीवर, जिथे लोक गाडीत बसूनच ऑर्डर घेतात तिथे, अजून एक गाडी.

कुणाला कुठे उभं करायचं यात नवीन सुपरवायझर हमखास चुकतात, मी पण चुकले. सगळ्यात फास्ट माणूस आपण कॅशवर टाकतो कारण लाइन तिथे दिसते, पण लाइन अडते ती ड्रिंक्सवर, म्हणून फास्ट हात तिथे. गाडीवाल्यांची ऑर्डर ऐकायचा हेडसेट ज्याचं इंग्लिश फाडफाड आहे त्याला नाही तर ज्याला ऐकता येतं त्याला, जो ऑर्डर परत वाचून दाखवतो त्याला. खिडकीवर शांत माणूस आणि जानेवारीत त्याला दर तासा-दीड तासाने बदल, उणे वीसमध्ये ती खिडकी दर मिनिटाला उघडते आणि बोटं बधीर झाली की सुट्टे पैसे खाली पडणारच. आणि तू स्वतः? तू कुठेच उभा राहू नकोस. मोकळा राहा, कॉफीचा पॉट बदल, झाकणं आण, जिथे अडेल तिथे तीस सेकंद घुस आणि बाहेर ये. सुपरवायझर एकदा सँडविचवर अडकला की दुकान कुणीच बघत नाही.

आता माझा किस्सा. जानेवारीतली सकाळ, बर्फ, एकाने फोनच उचलला नाही आणि एकीची बस अडकली, म्हणून मी आठवडाभरच झालेल्या एका मुलीला हेडसेट दिला. गाडीवाला म्हणाला ‘लार्ज फोर बाय फोर’. म्हणजे एक मोठी कॉफी, चार क्रीम चार साखर. तिने ऐकलं फोर, झाल्या चार लार्ज कॉफ्या. खिडकीवर तो म्हणतोय मी एकच मागितली, मागे गाड्या रस्त्यापर्यंत, गाडीला किती वेळ लागला ते दाखवणारा टायमर लाल, आणि मी काय केलं तर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, ते पण मराठीत, कारण तीही आपलीच. पुढचे तीन तास ती प्रत्येक ऑर्डरला घाबरून ‘सॉरी, से दॅट अगेन?’ म्हणत राहिली, त्यामुळे गाड्या आणखी हळू, आणि दोन आठवड्यांनी तिने काम सोडलं. चूक सरळसरळ माझी होती, तिला कुणी ती भाषा शिकवलीच नव्हती.

म्हणून नवीन माणसाला पहिल्या दिवशी मशीनच्या आधी ही बोली शिकव. हॅमिल्टनला १९६४ मध्ये टिम हॉर्टन या हॉकीपटूच्या नावाने पहिलं दुकान निघालं आणि तेव्हापासून या देशाने कॉफी मागायची स्वतःची पद्धत करून ठेवलीय, ‘डबल-डबल’ म्हणजे दोन क्रीम दोन साखर हा शब्द २००४ मध्ये कॅनेडियन ऑक्सफर्ड डिक्शनरीत सुद्धा गेला. आपल्याकडून आलेल्या पोराला हे कुठून माहीत असणार, त्याला चहा-कॉफीत साखर आधीच पडलेली असते एवढंच ठाऊक. मी आता एका कार्डावर पंधरा ऑर्डर लिहून देते आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मी गिऱ्हाईक होते, नवीन मुलगी हेडसेटवर, मी मुद्दाम तोंडात पुटपुटते, गाडीचा हॉर्न वाजवते, मध्येच ऑर्डर बदलते, हसून हसून पुरेवाट होते पण दोन दिवसांत कान तयार होतो. दुसरं म्हणजे आकडा ऐकला की विचारायचं, ‘दॅट्स वन लार्ज, फोर अँड फोर?’ एवढंच वाक्य. माझ्या चार कॉफ्या वाचल्या असत्या.

चुकलं तर तिथल्या तिथे फक्त काम दुरुस्त कर, माणसाशी नंतर बोल, मागे जाऊन, एकट्याला, आणि त्याच शिफ्टमध्ये. दुसऱ्या दिवशी काढलेली चूक भांडणासारखी वाटते. कौतुक मात्र सगळ्यांसमोर चालतं, ते आपण मराठी लोक जरा कंजुषीने करतो.

शेड्युल. इथे मित्र-मैत्रिणीपणा आड येतो. सलग पाच तास काम व्हायच्या आत अर्ध्या तासाचा ब्रेक द्यायचाच, ओंटारिओचा कायदा आहे, आणि ‘रश आहे, नंतर जा’ म्हणत म्हणत तो ब्रेक शिफ्टच्या शेवटी ढकलला की तो ब्रेक नसतोच. रात्री क्लोजिंग करून सकाळी ओपनिंग असं एकाच माणसाला लावू नकोस, दोन शिफ्टच्या मध्ये साधारण आठ तास सुटी लागते आणि झोपेतला माणूस कॉफी ओततो कपाबाहेर. इंटरनॅशनल स्टुडंट असेल तर कॉलेज चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास, त्याच्यावर एक तास पण नाही, दोन ठिकाणी काम करत असेल तर दोन्हीचे मिळून २४, हे तूच विचारून घे. ‘अरे कॅशमध्ये देतो, ये ना’ असं कधी म्हणू नकोस, अडकतो तो पोरगा, त्याच्या इथे शिकायच्या परमिटवर येतं. आणि कुणी आजारी म्हणून फोन केला तर डॉक्टरची चिठ्ठी आण म्हणू नकोस, कायद्यातल्या सिक लीव्हच्या दिवसांसाठी आता तशी मागता येत नाही. उलट्या-जुलाब असतील तर तो आला तरी परत पाठव, आपण लोकांच्या तोंडात जाणारी वस्तू विकतोय.

न सांगता कुणी आलंच नाही, म्हणजे नो-शो, तर त्यासाठी माझी एक साधी पद्धत आहे. ज्यांना जादा तास हवेत त्यांची यादी महिन्याच्या सुरुवातीलाच करते, फ्रिजशेजारी चिकटवते आणि त्याच क्रमाने फोन करते. ग्रुपवर ‘कोणी येऊ शकेल का प्लीज’ टाकलं की सगळे ब्लू टिक करून गप्प बसतात, हे तुला मी सांगायला नको.

कॅश कमी आली तर? सगळ्यात जास्त रडारड याच्यावर होते. ज्या टिलला, म्हणजे गल्ल्याला, दोन-तीन जणांचे हात लागलेत त्यातली तूट एकाच्या पगारातून कापता येत नाही, त्याने लिहून दिलं तरी नाही. एका ठिकाणी मी नवीन असताना माझ्या पगारातून अठरा डॉलर गेले होते आणि मला वाटलं हेच नियम, गप्प बसले. तू तसं करू नकोस. त्यापेक्षा एक टिल एक माणूस, ब्रेकला जाताना मोजून बंद. आणि नवीन माणसाला राउंडिंग शिकव, इथे २०१३ पासून पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, वाटणं बंद आहे, रोख पैसे दिले तर २.५२ चे २.५० होतात आणि २.५३ चे २.५५, कार्डवर मात्र जेवढे तेवढेच. हे माहीत नसलं की पोरगं तीन सेंटसाठी ड्रॉवरमध्ये शोधत बसतं.

बरं, गिऱ्हाईक. शंभरातले नव्वद जण भले असतात, सॉरी आपण म्हणायचं असतं तिथे तेच आधी म्हणतात. चिडलेला माणूस आला की पहिली तीस सेकंद त्याला बोलू दे, मध्ये ‘बट सर’ नाही, मग त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत परत सांग, मग नवीन कॉफी कर. कॉफीच्या किमतीवरून कधी वाद घालू नकोस, त्या कपात आत जाणारं सामान किती सेंटचं असतं आणि तो वाद बघत मागे उभ्या असलेल्या सहा जणांचा वेळ किती जातो याचा हिशोब कर. पॉटवर वेळ लिहायची सवय लाव, बऱ्याच चेनमध्ये वीस मिनिटं झाली की ओतून द्यायचं असतं, स्टाफ वाया जातं म्हणून जीव खातो, पण शिळ्या कॉफीची तक्रार दिवसातून चारदा झेलण्यापेक्षा ते बरं.

पण एक रेघ आधीच आखून ठेव. कुणी स्टाफच्या अ‍ॅक्सेंटवरून, रंगावरून बोलला, ‘इंग्लिश येणारं कुणी आहे का’ म्हणाला, तर त्या मुलीला तिथून बाजूला घे आणि तू समोर जा. शांतपणे, आवाज न चढवता सांग की मी तुमचं ऑर्डर पूर्ण करतो पण माझ्या स्टाफशी असं बोलायचं नाही, परत बोलला तर पैसे परत आणि दरवाजा. मी दोनदा केलंय. त्या दिवसानंतर त्या मुलींनी माझ्यासाठी रविवारची ओपनिंग सुद्धा कुरकुर न करता केली. आपल्यालाही एक पथ्य आहे, काउंटरवर आपसात मराठी, पंजाबी, हिंदी नको, समोरच्याला वाटतं आपल्यावरच हसतायत. मागे बेकिंगच्या तिथे खुशाल बोला.

ओळखीचं गिऱ्हाईक जपायची एक युक्ती सांगते, बहुतेक सुपरवायझरना माहीत नसते. पाच डोनट घेतले तर टॅक्स लागतो, सहा किंवा जास्त घेऊन घरी नेले तर लागत नाही, ते किराण्यात धरतात. एक डोनट १.७९ डॉलरचा धर, पाचाचे ८.९५ आणि १३ टक्के टॅक्स धरून १०.११ होतात, सहाचे सरळ १०.७४. म्हणजे सहावा डोनट ६३ सेंटला पडला. पाच मागणाऱ्याला हे सांगायला लाव, तो माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो आणि पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतो.

अ‍ॅलर्जीवर मात्र गंमत नाही. ‘यात नट्स नाहीत’ असं कुणीही छातीठोक सांगायचं नाही, सगळे डोनट एकाच ट्रेवर, एकाच चिमट्याने, ग्लेझची (वरच्या साखरेच्या लेपाची) भांडी शेजारी शेजारी, तेव्हा कशात काय आहे त्याचा चार्ट दाखवायचा आणि नट्स लागलेले असू शकतात हे स्पष्ट सांगायचं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. चिमटा वेगळा घेऊन, हातमोजे बदलून देतो म्हटलं तरी आधी हे सांगायचं.

शिफ्ट संपताना वही काढ. कुठलं मशीन गळतंय, उद्याच्या सकाळी मोठं ऑर्डर आहे का, कोण येणार नाहीये, नवीन मुलगी कुठपर्यंत शिकली. तीन-चार ओळी पुरतात, फक्त वाचता येतील अशा अक्षरात. आणि जाण्याआधी डिकॅफच्या (कॅफिन काढलेल्या कॉफीच्या) बास्केटमध्ये नवीन फिल्टर टाकून जा, पहाटे साडेचारला येणारी बहुतेक माझ्यासारखीच कुणीतरी असते.