सोमवारची पोटदुखी: मुलाला शाळेत त्रास होत असेल तर

रविवारी संध्याकाळी आठच्या सुमाराला फोन वाजला की मी साधारण ओळखते. एखाद्या मुलाची आई असते. "टीचर, उद्या त्याला पाठवत नाही. पोटात दुखतंय म्हणतो." गोव्यातल्या डिचोली तालुक्यात पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकवून मला 24 वर्षं झाली. ताप वार बघून येत नाही. ही पोटदुखी मात्र सोमवारी सकाळी, बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, हॉर्न वाजायच्या पाच मिनिटं आधी सुरू होते आणि गाडी निघून गेली की मूल पाव-भाजी मागतं.

हे नाटक आहे असं समजू नका. भीतीने पोट खरंच दुखतं, डोकं दुखतं, झोप उडते. डॉक्टरांना दाखवाच, पण एका वहीत वारही लिहून ठेवा. तीन-चार आठवड्यांत काय ते कळतं.

आता मस्करी कुठली आणि बुलिंग कुठलं? नॉर्वेत यावर आयुष्यभर काम केलेल्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने तीन खुणा सांगितल्या आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याच्यावर होतं त्याला परतवता न येणारं. तिसरी खूण पालक विसरतात. दोन मित्र एकमेकांना "जाड्या" आणि "काडी" म्हणतात, ती मस्करी. आठ जण मिळून एकालाच म्हणतात आणि तो हसून साजरं करतो, ते बुलिंग. तो हसतोय म्हणजे त्याला चालतंय, हा आम्हा शिक्षकांचाही आवडता गैरसमज.

आमच्याकडे त्रासाचा हंगाम असतो पाचवीत. गावच्या सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल जूनमध्ये एकदम इंग्रजी माध्यमात येतं. पहिल्याच आठवड्यात "मे आय गो"च्या जागी काहीतरी भलतंच बोलतं आणि तेच त्याचं नाव होऊन बसतं. ज्यांचे आईवडील कर्नाटकातून कामाला आलेत, त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी दिसली की "घाटी" ठरलेलं. हा शब्द मुलं आकाशातून आणत नाहीत, घरच्या जेवणाच्या टेबलावरून आणतात. असो.

असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. रोज त्याच्या पाण्याच्या बाटलीचं टोपण गायब. आई नवी बाटली घ्यायची, दोन दिवसांत ती पुन्हा बोडकी. दप्तर ओलं, वह्या ओल्या, वर निष्काळजी म्हणून त्याला माझीच बोलणी. टोपण बालरथाच्या मागच्या सीटवरून खिडकीबाहेर जायचं, हे मला दिवाळीनंतर कळलं. मग मी काय केलं? दोन्ही मुलांना फळ्यासमोर उभं केलं, हात मिळवायला लावले, वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी टोपणाबरोबर चप्पलही गेली. चाळीस जणांसमोर "हा सांगतो" हे मीच जाहीर केलं होतं. म्हणून शिक्षकांना विनंती: दोघांशी वेगवेगळं बोला. समेटाचे समारंभ करू नका.

घरी विचारायचं कसं? समोर बसवून "खरं सांग, शाळेत काय चाललंय" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "कांय ना", काही नाही. हात कामात असताना विचारा. भाजी निवडताना, स्कूटरवर तो मागे बसलेला असताना, जिथे डोळ्यांत बघावं लागत नाही. प्रश्न साधे ठेवा. आज डबा कोणाबरोबर खाल्लास? बालरथात शेजारी कोण होतं? मधल्या सुट्टीत कुठे होतास? तीन दिवस लागोपाठ "लायब्ररीत" हे उत्तर आलं, तर मूल वाचनाचं वेडं असेल किंवा लपत असेल. मधल्या सुट्टीभर लघवी रोखून धरणारी मुलंही असतात, कारण दादागिरी बाथरूममध्येच चालते. घरी आल्याआल्या धावत बाथरूम गाठत असेल तर लक्षात घ्या.

त्याने सांगितलंच, तर पहिल्या पाच मिनिटांत तीन वाक्यं तोंडातून काढू नका. "तू काय केलं होतंस?" "दुर्लक्ष कर." आणि बाबांचं लाडकं, "तूही एक ठेवून दे." एक ठेवून देता आली असती तर तो तुमच्याकडे आलाच नसता. "कुणाला सांगणार नाही" असंही कबूल करू नका, कारण सांगावं लागणार आहे. "तुला न विचारता काही करणार नाही" एवढं म्हणा आणि पाळा. मूल तेच तपासत असतं.

मग वही. अशी:

"मंगळवार, सकाळी 7.20, बालरथ, मागून दुसरी सीट. दप्तर खिडकीबाहेर धरलं. तिघे होते. अटेंडंट पुढे, दिसलं नसावं."

विशेषणं नकोत, "नेहमीच छळतात" नको. अशा पाच नोंदी घेऊन वर्गशिक्षकांकडे जा आणि मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. शिक्षा काय करणार, यावर भांडत बसू नका. उद्यापासून काय बदलणार ते विचारा: गाडीत तो अटेंडंटजवळ बसेल का, मधल्या सुट्टीत बाथरूमकडे कोण उभं राहील, आपण पुन्हा कधी भेटायचं? ड्रायव्हर आणि अटेंडंटशी स्वतः बोला. शाळेत आम्हाला जे दिसत नाही, ते त्यांना आरशात दिसतं.

त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी मात्र जाऊ नका. आपले गाव छोटे. पोरांचं भांडण दोन दिवसांत वाड्याचं होतं, मग देवळाच्या काल्याच्या उत्सवाला कोण कुणाकडे बघत नाही, आणि पोरं तोवर क्रिकेट खेळत असतात. बोलणं शाळेतच होऊ द्या.

एक सोबती शोधा. कॅनडात शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला होता. मध्ये पडणं म्हणजे मारामारी नव्हे. "चल रे, तुला सर बोलावतात" एवढंही चालतं. ते बोलू शकणारा एक मुलगा किंवा मुलगी वर्गात असतेच, शिक्षकांना विचारा.

त्रास फोनवर आला असेल, मुलाच्या तोंडाचं स्टिकर करून ग्रुपवर फिरत असेल, तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. फोन काढून घेऊ नका, पुढच्या वेळी सांगणार नाही. फोटो अश्लील असेल किंवा अंगाशी चाळे झाले असतील, तर तो शाळेत मिटवायचा विषय नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात (2012) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइन 1098 दिवसरात्र चालू असते. मूल गप्प झालं, जेवण तुटलं, "मी नसतो तर बरं" असलं काही बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या: मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस 14416, बांबोळीची मनोविकार संस्था, किंवा तुमचे डॉक्टर.

"आम्हीही खाल्ला मार, काय बिघडलं?" असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. ब्रिटनमध्ये 1958 साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा पन्नाशीपर्यंत झाला. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि तब्येतीच्या तक्रारी जास्त आढळल्या. काकांना वाद घालायचाच असेल तर हे ऐकवा.

आणि फोन उलटा आला तर? "तुमचा मुलगा त्रास देतो." पहिलं वाक्य येतं, "माझा तसा नाही." गिळून टाका. पट्टा काढू नका. घरात मार खाऊन तो दुसऱ्या दिवशी कुणावर काढेल, ते तुम्हाला ठाऊक आहे. काय केलं ते त्याच्या तोंडून ऐका. वस्तू मोडली असेल तर त्याच्या खाऊच्या पैशांतून भरायला लावा, आणि घरात आपण कुणाला कुठल्या नावाने हाका मारतो ते एक दिवस ऐकत बसा.

शाळेने "आता सगळं ठीक आहे" म्हटलं की कॅलेंडरवर पंधरा दिवसांनंतरच्या तारखेला खूण करा. त्या दिवशी पुन्हा विचारा, डबा कोणाबरोबर खाल्लास. त्या मुलाच्या वेळी मीही अशी खूण केली होती. तेव्हाच्या डायरीत त्या तारखेखाली माझी एकच ओळ आहे: "बाटलीला टोपण आहे."