आधी इंजिनाला हात लावून बघा

माझी पहिली बोट, जुनीच, विकत घ्यायला म्हणून बघायला गेलो तेव्हा तिचं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे मागच्या भिंतीला बाहेरून लावलेलं, एकाच हिसक्यात सुरू झालं. मी खूश. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी तेच इंजिन खांदा दुखेपर्यंत दोरी ओढली तरी ढिम्म. मी पोचायच्या आधी मालकाने ते चांगलं अर्धा तास चालवून गरम करून ठेवलं होतं, हे त्याच्या शेजाऱ्याकडून कळलं, अर्थात पैसे देऊन झाल्यावर.

तेव्हापासून मी फोनवरच सांगतो, "इंजिन थंड ठेवा, मी आल्यावर सुरू करू." आणि गेल्या गेल्या वरचं झाकण काढायला लावून सिलिंडरच्या डोक्याला हात लावतो. कोमट लागलं तर गप्पा मारत बसायचं, पूर्ण निवेपर्यंत.

मालकाचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "बाकी काही नाही हो, फक्त कार्बोरेटर साफ करायचाय." तेवढंच असतं तर तो साफ करून त्याने जास्त किंमत नसती का मागितली? जुन्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, बसतो, हे खरं आहे आणि ते दुरुस्तही होतं. पण आयडलला (थ्रॉटल न देता) बंद पडणं, थ्रॉटल दिल्यावर गुदमरणं ही लक्षणं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेल्या इंजिनातही दिसतात, आणि तो खर्च बोटीच्या किमतीएवढा होऊ शकतो.

म्हणून तो दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज सोबत न्या. सगळे प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला नीट टेकवून अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरच्या प्लगच्या भोकात गेज लावून काटा चढायचा थांबेपर्यंत इंजिन फिरवा. आकडा किती हवा हे इंजिनागणिक बदलतं. बघायचा तो सिलिंडरांच्या आकड्यांमधला फरक, तो दहा टक्क्यांच्या आत हवा. 120, 118, 121 पीएसआय (दाबाचं माप) आले तर पुढे बोला. 120, 119, 85 आले तर मालक कितीही गोड बोलला तरी निघा. काढलेले प्लगही बघून घ्या: बाकीचे तपकिरी-काळे आणि एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे.

मग खालचा गिअरकेस, म्हणजे पाणी कापणाऱ्या पंख्याजवळची गिअरची पेटी. तळाचा स्क्रू जरासा सैल करून थोडं तेल बोटावर घ्या. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत शिरलेलं असेल तर तेच आधी येतं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी अडवणारं सील गेलंय. तेल अगदी कोरं करकरीत असेल तर मला जास्त संशय येतो. कालच बदललं असणार. पाण्यात फिरवून आणल्यावर पुन्हा बघा.

बोट जमिनीवर असताना "दोनच मिनिटं" म्हणून कुणाला इंजिन कोरडं चालवू देऊ नका. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातली रबरी चकती (इंपेलर) पाण्याच्या वंगणावरच फिरते, कोरडी लगेच करपते. पाण्याच्या नळीला जोडायचे कानटोपीसारखे मफ मिळतात, ते इंजिनाच्या खालच्या भागातल्या पाणी ओढायच्या भोकांवर लावा. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक पिचकारी सतत पडली पाहिजे. कमजोर असेल तर आधी पिचकारीच्या भोकात तार घालून बघा, कधीकधी नुसता कचरा असतो.

इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, इंजिन असेल आणि त्यात खोट असल्याचा संशय असेल, तर नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. खाऱ्या पाण्यात त्याचे एक्झॉस्टचे भाग आतून गंजतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

आउटबोर्ड वर उचलून खालच्या टोकाला धरून हलवा. इंजिनाबरोबर बोटीची मागची भिंतही लवत असेल, तर आतलं लाकूड कुजलंय. तिथे इंजिन कितीही चांगलं असलं तरी काय उपयोग?

शेवटी पाण्यात, किल-स्विचची (आपण पडलो तर इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला बांधून. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम (मिनिटाला फेरे) इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्यात पोचलं पाहिजे. बऱ्याच आउटबोर्डांचा तो 5000 ते 6000 असतो. कमी पडलं तर पंखा चुकीचा असेल किंवा इंजिन थकलेलं. इंजिन नुसतंच ओरडतंय आणि बोट वेग घेत नाही, तर पंख्याच्या मधला रबरी भाग (हब) घसरत असण्याची शक्यता असते. तेव्हा घाबरू नका, ते स्वस्तात सुटतं.

किंमत बोलताना मी इंजिन बंदच आहे असं धरतो: तेवढ्याच ताकदीचं चालू जुनं इंजिन कितीला पडेल ते बोटीच्या किमतीतून वजा करतो आणि उरेल त्यातून सुरुवात करतो. त्यावर मालक रागावला तर रागावू दे.

दुसऱ्या बोटीच्या वेळी इंजिन थंड होतं, कॉम्प्रेशनचे आकडे जुळत होते, पण गिअर तेल दुधाळ. सीलचा खर्च वजा करून घेतली. घरी पंखा काढला तर शाफ्टला मासेमारीचा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला, जवळजवळ दोन हात. त्यानेच सील कापलं होतं.