संस्थेत मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणताना लिनक्स शेवटी

शाळा, ग्रंथालय किंवा एखाद्या मंडळाच्या कार्यालयात थेट लिनक्सपासून (विंडोजच्या जागी चालणारी, मूळ कोड सगळ्यांना खुला असलेली म्हणजे मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम) सुरुवात केली, की पहिल्या अडलेल्या प्रिंटला सगळे जुन्या व्यवस्थेकडे वळतात. म्हणून आधी प्रोग्रॅम बदला, ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यात शेवटी.

सुरुवात यादीपासून. प्रत्येक टेबलावर कोणता प्रोग्रॅम, कोणता प्रिंटर, कोणत्या फायली, ते लिहून काढा. मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फायली वेगळ्या काढा. लिब्रेऑफिसमध्ये (मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी वापरायचं मुक्तस्रोत ऑफिस) काही मॅक्रो चालतात, काही नाही. पुष्कळदा साध्या सूत्रांनी तक्ता नव्याने मांडणं सोपं पडतं. हिशेबाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालत असेल, तर तो संगणक खुशाल तसाच राहू द्या.

आता आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस, फायरफॉक्स (ब्राउझर) आणि थंडरबर्ड (ईमेलसाठी) टाका. जुनं ऑफिस लगेच काढू नका. रोजच्या वापरातले पाच-सहा नमुने (पावती, पत्र, हजेरीपट) दोन्हीकडून छापा आणि कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरा. ओळी सरकलेल्या दिसल्या, तर बहुतेक वेळा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ वापरा. यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच असल्याने ओळी जागच्या जागी राहतात.

नव्या फायली ओडीएफमध्येच (लिब्रेऑफिसचं मूळ, खुलं फाइल स्वरूप) साठवा. 2006 पासून हे आयएसओ मानक आहे. बाहेर पाठवायला पीडीएफ, आणि समोरच्याला बदल करायचे असतील तरच डॉक्सएक्स (वर्डचं स्वरूप). कायमच डॉक्सएक्समध्ये साठवत राहिलं, तर दर वेळी रूपांतर होतं आणि मांडणी हळूहळू विस्कटते. खापर मात्र लिब्रेऑफिसवर फुटतं.

हे अंगवळणी पडल्यावर एकाच संगणकावर लिनक्स. 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवरून मिंट (लिनक्सचा एक प्रकार) ‘लाइव्ह’, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा आणि वाय-फाय, प्रिंटर, स्कॅनर तपासा. यात केलेलं काम संगणक बंद करताच पुसलं जातं, हे बसणाऱ्याला आधीच सांगा. सगळं चाललं तरच इन्स्टॉल करा, तेही बॅकअप घेऊन, आणि त्या बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावर. संगणक जुना असेल, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा. नुसतं लिनक्स टाकून तेवढा वेग मिळत नाही.

कार्यकारिणीपुढे जाताना ‘फुकट’ हा शब्द टाळा. परवान्याचे पैसे वाचतात, पण प्रशिक्षण, माहितीचं स्थलांतर आणि देखभाल यांना खर्च येतो. तो प्रस्तावातच मांडा. खरेदीच्या अटींत ब्रँडचं नाव न घालता गरज लिहा: ‘ओडीएफ फायली उघडता आणि साठवता याव्यात.’ ग्रंथालयाला कोहा (ग्रंथालयाच्या कामाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर) वापरायचं असेल, तर सध्याच्या विक्रेत्याचा करार संपण्याआधीच पुस्तकांच्या नोंदी मार्क (ग्रंथालयीन नोंदींचं प्रमाण स्वरूप) स्वरूपात मागून घ्या. त्यातल्या शंभरेक नोंदी चाचणीच्या कोहात चढवून शीर्षकांतले काना-मात्रा नीट उतरलेत का, ते आधी बघा.